काळ्यावरून पांढऱ्यावर

"जाळी बदलतानाही सहाच तास?" देवरे मॅडमनी वहीतून मान वर न करता विचारलं, आणि "सहाच," असं तोताराम भारंबे म्हणून गेला. म्हणून गेला, आणि मग आपण काय म्हणालो ते त्याला ऐकू आलं. मॅडमनी वहीत सहाचा आकडा लिहिला, त्याच्याभोवती पेन्सिलीनं एक चौकोन काढला आणि त्या पुढच्या रकान्याकडे वळल्या. तीन नंबरच्या मशीनच्या तोंडातून मरून रंगाच्या बारीक नळ्या निघत होत्या, हौदातल्या पाण्यातून जाऊन पलीकडे गुंडाळल्या जात होत्या. चिंधा नेहमीसारखा एका हातानं नळी चाचपत दुसऱ्या हातानं तंबाखू मळत होता. काहीच घडलं नव्हतं. तरी तोतारामच्या मानेवरून घामाची एक धार सदऱ्यात उतरली. जानेवारी महिना होता आणि जळगावात सकाळी लोक कानटोप्या घालून फिरत होते.

खरा आकडा अर्धा तास होता. आता, बोलून झाल्यावर, तो आकडा तोतारामला लख्ख दिसत होता. या कारखान्यात प्लास्टिकच्या चटया होत. दाणा वितळायचा, त्यात रंग मिसळायचा, त्याच्या नळ्या काढायच्या आणि त्या नळ्या मागावर विणायच्या. फिक्या रंगावरून गडद रंगावर जाणं सोपं. पिवळ्यात लाल घातला की घटकाभरात सगळं लाल. गडदावरून फिक्यावर यायचं म्हटलं की मशीनच्या पोटात चिकटून राहिलेला काळा रंग सहा-सहा तास डोकावत राहतो, आणि तोवर निघालेला सगळा माल भंगारात जातो. पण दर तीन दिवसांनी मशीनच्या तोंडामागची जाळी गच्च होते. तेव्हा मशीन दोन तास थांबवून, तोंड उघडून, आतलं सगळं खरवडून काढावंच लागतं. त्या वेळी, त्या स्वच्छ झालेल्या पोटात, पांढरा दाणा सोडला तर? अर्धा तास. तोतारामनं स्वतः पाहिलं होतं. एक्याण्णव साली चुकून झालं होतं, त्यानंतरही एकदा. त्याच्या हातांना हे ठाऊक होतं. डोक्यात मात्र ही गोष्ट कधी आलीच नव्हती, आणि ही सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी चार गुरुवार कारखान्यात येऊन वही घेऊन उभी राहिली आणि तिनं ती सहज विचारली. तिचा प्रश्न पुरा होण्याआधीच तोतारामला सगळं कळलं होतं: तेरा वर्षं आपण आठवडा लावत होतो, तेरा वर्षं बुधवारी तोंड उघडलेलं मशीन आपल्यासमोर होतं, आणि आपण त्यात पुन्हा मरूनच ओतत होतो. त्याच क्षणी जीभ 'सहाच' म्हणाली होती. जणू अंग उघडं असताना कुणी आत आलं आणि हातानं आपोआप धोतर ओढून घेतलं.

आठवडा लावणं हे तोतारामचं काम होतं. दर शनिवारी दुपारी, पहिली पाळी संपून दुसरी सुरू व्हायच्या आत, तो मोठ्या फळ्यासमोर खडू घेऊन उभा राही. तिन्ही मशीनवर येत्या सोमवारपासून शनिवारपर्यंत कोणता रंग कधी, किती वेळ. सोमवारी पांढरा, मग बदामी, पिवळा, केशरी, लाल, मरून, आणि शनिवारी काळा. मधूनमधून कुठल्या व्यापाऱ्याची घाई, कुठली जाड नळी, कुठली बारीक, ते सगळं त्याच्या डोक्यात जमून येई. दोन्ही पाळ्यांची माणसं मागे उभी राहून बघत. खडू थांबला की कुणीतरी "झालं!" म्हणे आणि तोताराम हात झटके. मॅट्रिकला गणितात दोनदा गेलेला माणूस. पण त्या अर्ध्या तासात त्याला आपण कुणी तरी आहोत असं वाटे. आठवड्याला चढण असते अशीच त्याची समजूत झाली होती, सोमवार उजेडात आणि शनिवार अंधारात. शनिवारी रात्री घरी आंघोळीला बसला की कुंदाबाई त्याची नखं बघून म्हणे, "आज काळं निघालं वाटते." तिला वार कळायला नखं पुरत.

देवरे मॅडम धुळ्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवत होत्या. पुढच्या पदवीसाठी त्यांना एखाद्या खऱ्या कारखान्याचं वेळापत्रक हवं होतं, म्हणून त्यांनी दहा कारखानदारांना पत्रं टाकली. नवांनी उत्तर दिलं नाही. रतिलालशेठनी फोन केला. शेठची वेगळीच घाई होती: तीन मशीनं असून लग्नसराईत माल वेळेवर निघत नव्हता, पांढऱ्या आणि बदामी चटया मागणाऱ्यांना नेहमीच पुढच्या सोमवारची वाट बघावी लागत होती आणि ते कंटाळून दुसरीकडे जात होते. "तोताराम, या बाईंना जे विचारतील ते सांग," शेठ म्हणाले होते. "जमलं तर बरं. नाही तर तीन नंबर मी काढूनच टाकतो. वेळेवर माल द्यायचा नाही तर तिसरं मशीन काय पूजेला ठेवायचं?" तीन नंबर म्हणजे चिंधाचं मशीन. चिंधा साक्रीकडचा, दोन्ही पाळ्या मिळून त्या मशीनवर सहा माणसं, आणि त्यातला सगळ्यात जुना चिंधा.

पहिल्या गुरुवारी मॅडमनी टेबलावर चहाचा कप ठेवून तोतारामला समजावलं होतं. कॉम्प्युटर काय करणार, तर आधी शंभर वेळापत्रकं करणार. कशीही. डोळे मिटून रंगांच्या चिठ्ठ्या उचलाव्यात तशी.

"मग ती चुकीचीच असतील," तोताराम म्हणाला.

"बहुतेक सगळी. पण काही कमी चुकीची असतील ना? ती ठेवायची. एकाचा सोमवार ते बुधवार घ्यायचा, दुसऱ्याचा गुरुवार ते शनिवार घ्यायचा, जोडायचा. त्यातून नवी शंभर. त्यातली बरी ठेवायची. कधीतरी उगीचच दोन रंगांची अदलाबदल करून बघायची. अशा हजार पिढ्या."

"पिढ्या?"

"पिढ्याच म्हणतात. सजीवांमध्ये जसं होत आलं, तसं."

"आणि त्याला रंग कळतात?"

"नाही हो. रंग नाही, दाणा नाही, व्यापारी नाही. त्याला तुम्ही दिलेले आकडे तेवढे कळतात. कशावरून कशावर जायला किती वेळ, एवढंच."

बिनडोक आहे, असं तोतारामला तेव्हा वाटलं होतं, आणि त्या वाटण्यात मोठं सुख होतं. शंभर आंधळे हजार वेळा भिंतीवर आपटणार आणि शेवटी दार सापडलं म्हणणार. मॅडमबद्दल मात्र त्याला पहिल्या दिवसापासून कौतुक होतं. त्या दाणा हातात घेऊन बघत, उष्णतेपासून तोंड न फिरवता मशीनपाशी तासन्‌तास उभ्या राहत, आणि चिंधाशी त्याच्याच अहिराणीत बोलत, कारण त्यांच्या घरीही तीच बोलली जाई. त्यांनी रंगांच्या जोड्यांचा मोठा तक्ता केला होता आणि प्रत्येक जोडीचा आकडा तोतारामला विचारून भरला होता. इतक्या वर्षांत तोतारामला कुणी इतके प्रश्न विचारले नव्हते. लालावरून केशरीवर उलटं यायला? एक तास. केशरीवरून पिवळ्यावर? दीड. त्याची बोटं, डोळे, नाक, सगळ्यांत साठलेलं काहीतरी त्या रकान्यांत उतरत होतं आणि तो हौसेनं देत होता. त्या एका रकान्यापर्यंत.

पुढच्या गुरुवारी मॅडम फ्लॉपी घेऊन आल्या. बिलांसाठी ऑफिसात एक कॉम्प्युटर होता. त्याच्यावर घातलेलं प्लास्टिकचं कव्हर काढलं गेलं. शेठ, तोताराम आणि पाळी संपलेला चिंधा असे तिघं खुर्चीमागे उभे राहिले. काळ्या पडद्यावर हिरवे आकडे येऊ लागले. वाया गेलेले तास आणि चुकलेल्या तारखा यांची मिळून मॅडमनी एक बेरीज केली होती, तिला त्या 'दोष' म्हणत. तोतारामनं त्या आठवड्यासाठी फळ्यावर मांडलेल्या वेळापत्रकाचा दोष त्यांनी आधीच काढून ठेवला होता: चाळीस. कॉम्प्युटरचा पहिला आकडा आला एकशे सत्तर. शेठ हसले. मग दीडशे, एकशे अठ्ठावीस, नव्वद. तोतारामला हसू येईना. आकडा उतरत होता. कुणी ढकलत नव्हतं, कुणी शिकवत नव्हतं, आणि तो उतरत होता. साठ. बावन्न. सेहेचाळीस. तिथून पुढे तो अडखळायला लागला. चव्वेचाळीस, बराच वेळ चव्वेचाळीस, मग एकेचाळीस. आणि शेवटी एकोणचाळीसवर येऊन जो बसला तो हललाच नाही. मॅडमनी पुन्हा चालवून पाहिलं, पिढ्या वाढवल्या, काहीबाही बदललं. एकोणचाळीस. पडद्यावरचं वेळापत्रक त्यांनी वाचून दाखवलं: सोमवारी पांढरा, बदामी, पिवळा, केशरी, लाल, मरून, काळा. एखादा रंग इकडचा तिकडे.

"हे तर आमच्या फळ्यावरचंच आहे," शेठ म्हणाले.

मॅडम खुर्चीतच वळल्या. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या हसल्या, आणि ते हसणं अगदी निर्मळ होतं. "तोतारामभाऊ, मी हरले. दोन वर्षं काम केलं मी यावर, आणि तुम्ही खडूनं तेच करता. तुमच्या वेळापत्रकात सुधारायला जागाच नाही. मी हे माझ्या प्रबंधात लिहिणार आहे, तुमच्या नावानिशी."

चिंधानं तोतारामच्या पाठीवर थाप मारली. "भाऊ, त्या मशीनले हराई टाकं तुम्ही!"

शेठ मात्र खिडकीबाहेर बघत होते. "म्हणजे याच्यापेक्षा जास्त काही होत नाही," ते म्हणाले. "ठीक आहे. एक फेब्रुवारीपासून तीन नंबर बंद." चिंधाचा हात तोतारामच्या पाठीवरच होता. तो तिथेच राहिला, थोडा जड झाला. "आते आमनं काय?" चिंधा हळूच म्हणाला, आणि तो प्रश्न त्यानं शेठला न विचारता तोतारामलाच विचारला, कारण हरवणारा तोच होता.

घरी तोतारामला जेवण गेलं नाही. भरताचं वांगं कुंदाबाईनं मुद्दाम भाजलं होतं, कळण्याची भाकर होती. तो भाकरीचा तुकडा नुसता फिरवत बसला. "काय झालं तुमाले? जेवत काऊन नाई?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "कामावर एक आकडा चुकला."

"मंग दुरुस्त करा ना."

"तो मी जाणून चुकवला."

कुंदाबाईनं तव्यावरून नजर काढली नाही. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि या माणसाला खोटं बोलायला जमत नाही अशीच तिची समजूत होती. मुलीच्या सासरी साधी थाप मारायची वेळ आली तरी तो घरातून निघून जाई. "कोनाचं नुकसान होते का त्याच्यानं?" तिनं विचारलं. त्यानं हो म्हणून मान हलवली. तिनं भाकरी उलटली, आणि बाहेर जाऊन हौदातलं पाणी उपसत बसली, पाणी संपेपर्यंत.

शुक्रवारची रजा टाकून तोताराम धुळ्याच्या एस.टी.त बसला. खिडकीची जागा मिळाली. पाळधी गेलं, एरंडोल गेलं, कपाशीच्या वाळलेल्या पळाट्यांची शेतं दोन्ही बाजूंनी मागे पडत राहिली. तो मनातल्या मनात वाक्यं जुळवत होता आणि पारोळ्यापर्यंत एकही जुळलं नाही. त्याला रावेरकडचं गाव आठवत होतं, वडिलांची केळीची बाग, आणि बागेतला तो हिरवा, ओला, बंद उजेड. केळीला बी नसतं. बुंध्याशी पिलं फुटतात, त्यातलं एक ठेवायचं, घड कापला की आईला आडवी करायची, आणि पिलू वाढतं ते हुबेहूब आईसारखं. वडील म्हणत, केळीला नवं काही सुचत नाही, म्हणूनच ती भरवशाची. तोतारामला आज पहिल्यांदा वाटलं की आपले तेराही वर्षांचे शनिवार असेच झाले. मागच्या फळ्याच्या बुंध्यातून पुढचा फळा. तो स्वतःला हुशार समजत होता आणि खरं तर जपून चालत होता, एवढंच. काळ्याला भीत होता. काळा लागला की सहा तास गेले, ही भीती इतकी आत जाऊन बसली होती की जाळी बदलताना समोर उघडं पडलेलं मशीन त्याला दिसलंच नाही. आणि ते यंत्र. ते भ्यालं नव्हतं. त्याला आकडा सांगितला सहा, त्यानं तो सहा मानला, शंका घेतली नाही, रुसलं नाही, खोट्याच्या हद्दीत राहून हजार पिढ्या इमानानं राबलं आणि एकोणचाळीसवर येऊन थांबलं. कितीतरी वेळ ते चव्वेचाळीसवर डोकं आपटत होतं ते त्यानं पाहिलं होतं. एखाद्या आंधळ्या बैलाला आपणच चुकीच्या तासात घातलं आणि त्यानं कुरकुर न करता सगळं शेत नांगरलं, तसं काहीतरी तोतारामच्या छातीत दुखत होतं. यंत्राची कुणाला दया येते का? त्याला येत होती. दयेपेक्षाही आदर म्हणावा असं काहीतरी, आणि त्याचीच जास्त लाज वाटत होती.

कॉलेजात मॅडम प्रयोगशाळेत होत्या. पायातल्या चपला दाराबाहेर काढायच्या असतात अशी पाटी होती. तोतारामनं काढल्या आणि गार फरशीवर उभा राहिला. एका ओळीत दहा-बारा कॉम्प्युटर होते. मॅडम त्याला बघून उठल्याच. "भाऊ, तुम्ही? इतक्या लांब? फोन करायचा ना."

"जाळी बदलताना अर्धा तास लागतो," तोताराम म्हणाला. जुळवलेलं एकही वाक्य कामाला आलं नाही. "सहा नाही. अर्धा. काळ्यावरून पांढऱ्यावर. फक्त जाळी बदलताना. इतर वेळी सहाच."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं. पंख्याचा आवाज होता, आणि कुठल्या तरी वर्गातून मुलांचा गलका.

"तुम्ही विचारलं तेव्हाच मला कळलं होतं," तो पुढे म्हणाला. "मला आधी कधी सुचलं नव्हतं. तेरा वर्षांत. तुम्ही सहज विचारलं आणि मी... मी सहा सांगितले."

मॅडम खुर्ची ओढून बसल्या. रागावतील असं त्याला वाटत होतं. त्यांचा चेहरा मात्र दुखावल्यासारखा झाला, आणि तेही क्षणभरच. "मी काल रात्रभर झोपले नाही हो," त्या म्हणाल्या. "वाटलं, माझ्याच पद्धतीत काही खोट आहे. गाइडना पत्रसुद्धा लिहिलं, विषय बदलते म्हणून. टाकलं नाही अजून." मग त्यांनी दुसरी खुर्ची शेजारी ओढली. "बसा. बघू या."

त्यांनी एक आकडा बदलला. सहाच्या जागी शून्य पॉइंट पाच. एवढंच. आणि बटण दाबलं.

एकशे ऐंशी. एकशे चाळीस. शंभर. तोताराम पुढे झुकला. या वेळी तो हरवायला आला नव्हता म्हणून असेल, त्याला आकड्यांच्या मागचं काहीतरी दिसू लागलं. आता कुठल्या तरी एका वेळापत्रकात, चुकून, आंधळेपणानं, बुधवारी संध्याकाळी पांढरा पडला असेल. बाकी सगळं त्यात गबाळं असेल. पण तेवढ्या एका चुकीपायी ते इतरांपेक्षा थोडं बरं ठरलं असेल, टिकलं असेल, त्याचा अर्धा भाग दुसऱ्याला गेला असेल. पंचेचाळीस. एकोणचाळीस आला आणि गेला, जिथे ते काल थांबलं होतं तिथून सरळ पुढे उतरलं. तोतारामच्या तोंडून "आं!" असा आवाज निघाला. चौतीस. एकतीस. सव्वीस. मॅडमनी टेबलाची कड धरली होती. बावीस. बावीसवर ते बराच वेळ थांबलं आणि मग मॅडम म्हणाल्या, "बस. बहुतेक हेच."

छापखान्यासारखा करकर आवाज करत लांबलचक कागद बाहेर आला. तोतारामनं तो मांडीवर पसरला आणि बोट लावून वाचायला सुरुवात केली. एक नंबरच्या मशीनवर दोन चढणी होत्या: सोमवारी पांढऱ्यापासून लालापर्यंत, बुधवारी जाळी, आणि पुन्हा पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. हे त्याला बसमध्येच दिसलं होतं. दोन नंबरची जाळी मंगळवारी धरली होती. आणि तीन नंबरवर काहीतरी विचित्रच होतं. लालानंतर केशरी, मग पिवळा. उलटं. उतरण. "हे चुकलं," तो म्हणाला आणि थांबला. लालावरून केशरीवर एक तास. केशरीवरून पिवळ्यावर दीड. लालावरून थेट पिवळ्यावर गेलं तर चार. मध्ये केशरीची पायरी टाकली तर अडीच, आणि केशरीची मागणी होतीच, ती तशीही कुठे तरी करायचीच होती. त्यानं पुन्हा बेरीज केली. हे सगळे आकडे त्याचे होते. त्याच्या तोंडचे, त्याच्या बोटांतून निघालेले, या मॅडमनी चौकोनात लिहून घेतलेले. तेच घेऊन त्या बिनडोक गोष्टीनं अशी वाट काढली होती की जिच्यावरून तोताराम उभ्या आयुष्यात चालला नसता. त्याला लाल म्हणजे काय ठाऊक नाही, त्यानं कधी वितळलेला दाणा हुंगला नाही. तोतारामनं कागदावरून तळवा फिरवला, एखाद्या नव्या विणलेल्या चटईवरून फिरवावा तसा. "वा," तो म्हणाला. मग पुन्हा, "वा." त्याला डोळे पुसावेसे वाटले आणि मॅडमसमोर बरं दिसणार नाही म्हणून त्यानं नुसतंच नाक ओढलं.

"शेठना मी सांगते," मॅडम म्हणाल्या. "आकडा भरताना माझी चूक झाली म्हणून. होतं असं. त्यांना काय कळणार?"

तोताराम कागदाची घडी घालत होता. घडीच्या रेषा जुळवायला त्यानं वेळ लावला. ही वाट सोपी होती आणि ती त्याला प्रेमानं दिली जात होती. त्यानं स्वतःला त्या वाटेवरून जाताना पाहिलंसुद्धा: फळा, खडू, मागे उभी माणसं, चिंधाचं हसणं, सगळं जागच्या जागी. "नको, मॅडम," तो म्हणाला. "तुमच्या प्रबंधात तुमची चूक कशाला?"

शनिवारी दुपारी दोन्ही पाळ्यांची माणसं जमली. शेठही जिन्यावर येऊन उभे राहिले, कारण तोतारामनं सकाळीच त्यांच्याकडे निरोप धाडला होता. तोतारामनं तो लांब कागद फळ्याच्या खिळ्याला अडकवला आणि बघून बघून उतरवला. बुधवारच्या खाली पांढरा लिहिला तेव्हा मागे कुजबुज झाली. खडू ठेवून तो वळला आणि म्हणाला, "मॅडमनी मला विचारलं होतं, जाळी बदलताना किती वेळ लागतो. मी खोटं सांगितलं. सहा तास नाही लागत, अर्धा लागतो. खरा आकडा दिल्यावर मशीननं हे काढलं. हे माझ्या फळ्यापेक्षा जवळजवळ दुप्पट बरं आहे."

शेठ दोन पायऱ्या उतरले. "किती दिवस माहीत होतं तुला?"

"त्यांनी विचारलं त्या दिवसापासून. त्याच्या आधी तेरा वर्षं माहीत नव्हतं, शेठ. ते जास्त वाईट आहे."

शेठनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला. व्यापारी माणूस, त्यांचं बोट हवेत तारखा मोजत होतं. "नागपूरची बदामी गुरुवारी निघेल यात?" त्यांनी विचारलं. तोताराम हो म्हणाला. "मग तीन नंबर राहू दे सध्या," शेठ म्हणाले, आणि जाताजाता, आवाज न चढवता, "असं पुन्हा करू नकोस." एवढ्यावर सुटलं. पण गर्दी पांगली तेव्हा चिंधा जागचा हलला नव्हता. तो तोतारामकडे बघत होता, आणि त्या बघण्यात शिवी नव्हती म्हणूनच ते सोसवेना. "त्या दिनले तुम्हना पाठवर मन्हा हात व्हता, भाऊ," तो म्हणाला. "तव्हय बी तुम्हले माहीत व्हतं." आणि आपला डबा उचलून निघून गेला. सोमवारी तो कामावर आला, मंगळवारी आला, मशीन चालवलं, तोतारामशी एक अक्षर बोलला नाही. तोतारामही त्याच्याकडे गेला नाही. माफी मागायला शब्द लागतात आणि त्याच्याजवळ होते ते त्यानं फळ्यासमोर खर्च केले होते. खरं तर त्याला बरं वाटत होतं, आणि तसं वाटतंय हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. डोक्यातून काहीतरी उतरवून ठेवल्यासारखं झालं होतं. येता-जाता तो फळ्यापाशी थांबे आणि ती उतरण वाचे, लाल, केशरी, पिवळा, आणि प्रत्येक वेळी त्याला नव्यानं नवल वाटे.

बुधवारी चार वाजता तीन नंबरची जाळी काढली. काळा चालू होता, आणि जाळीच्या वेळी काळ्यावरून पांढऱ्यावर ठरवून जायची ही पहिलीच खेप होती. चिंधानं तोंड उघडलं, पितळी खरवडणीनं आतला चिकट, वाफाळता काळा लगदा काढला, नवी जाळी बसवली. एरवी त्यानं वर पुन्हा काळाच ओतला असता. आज पांढऱ्याचं पोतं बाजूला होतं. दुसऱ्या मशीनवरची माणसंही येऊन उभी राहिली. तोतारामनं मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं. मशीन सुरू झालं. पहिल्या नळ्या निघाल्या त्या काळ्याच, मग राखेसारख्या, आणि कुणीतरी मागून म्हणालं, "नाही जमायचं." राख फिकी झाली. दहा मिनिटं. चुलीच्या धुराचा रंग. पंधरा. पहाटेच्या आभाळाचा, करडा, त्यात मधूनच एखादा काळा धागा वळवळत यायचा आणि जायचा. तोताराम श्वास रोखून उभा होता आणि ही आपली परीक्षा आहे असं त्याला मुळीच वाटत नव्हतं. धुळ्यात गार फरशीच्या खोलीत बसलेल्या त्या न बघणाऱ्या, न हुंगणाऱ्या गोष्टीची परीक्षा होती आणि ती पास व्हावी म्हणून त्याचा जीव तुटत होता. वीस मिनिटं. ताकाचा रंग. चिंधा वाकला, पाण्यातून नळी उचलली, उजेडाकडे धरली, फिरवून फिरवून पाहिली. मग चार दिवसांत पहिल्यांदा तोतारामकडे तोंड करून म्हणाला,

"पांढरं शे, भाऊ. बठ्ठं पांढरं शे."

तोतारामनं नळी हातात घेतली. अजून कोमट होती. त्यानं ती परत चिंधाच्या हातात दिली, आणि धावत नाही असं दाखवत जवळजवळ धावतच ऑफिसात गेला. शेठना न विचारता टेलिफोन ओढला आणि धुळ्याचा नंबर फिरवला. शिपायानं मॅडमना बोलवायला बराच वेळ लावला. पलीकडे पावलं वाजली, रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला.

"मॅडम, तोताराम बोलतो. आकडा पुन्हा बदलावा लागेल." त्यानं मुठीतलं घड्याळ डोळ्यांजवळ धरलं. "अर्धा तास नाही. बावीस मिनिटं. मी उभा राहून मोजली. बावीस लिहा, आणि बघा ते आणखी काय काढतं."

"थांबा हं, वही घेते," मॅडम म्हणाल्या.

तोताराम रिसीव्हर कानाला घट्ट लावून थांबला.